नवोदित कथालेखकाने ब्लॉग काढावा, की कथा राखून ठेवाव्यात?

मृण्मयी:
नमस्कार मंडळी.

मी गेली काही वर्षे कथा लिहीत आहे. एखाददुसरी कथा दिवाळी अंकात छापून आली, बाकीच्या संगणकात पडून आहेत. पूर्वी निदान 'साभार परत' असे लिहिलेले पाकीट यायचे, असे ज्येष्ठ लेखक सांगतात; आता तेही येत नाही. दिवाळीत अंक विकत घ्यायचा आणि अनुक्रमणिकेत आपले नाव नाही याची खात्री करून घ्यायची, एवढेच हाती उरते.

आमच्या लेखन-वाचन गटात यावरून सरळ दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की, प्रकाशक नव्या लेखकाला 'तुमचे वाचक किती' हेच आधी विचारतात, तेव्हा ब्लॉग काढून वाचक जमवावेत आणि मगच पुस्तकाचे बोलावे. दुसरा तट म्हणतो की, ब्लॉगवर आलेली कथा उष्टी होते आणि मग तिला कोणीही पानात घेत नाही. माझा कल ब्लॉगकडे आहे. परंतु एकदा सर्वांपुढे ठेवलेली कथा मागे घेता येत नाही, म्हणून आधी विचारते. पाककृती, भटकंती, गडकिल्ले या विषयांवरचे ब्लॉग चालतात हे मान्यच आहे. मला उत्तर हवे आहे ते केवळ कथेपुरते.

पायवाट:
अवश्य काढावा. न छापलेली कथा आणि न लिहिलेली कथा यांत वाचकाच्या दृष्टीने काहीही फरक नसतो.

जुना खिळा:
पायवाट यांचे वाक्य टाळ्या घेणारे आहे, परंतु संपादकाच्या मेजावर ते टिकत नाही. मी एका दिवाळी अंकाच्या संपादन मंडळात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे तिथे काय घडते ते सांगतो.

आमच्याकडे लेखकांना पत्रे उन्हाळ्यातच जात असत आणि गणपतीच्या आसपास बहुतेक मजकूर जुळणीला गेलेला असे. 'साहित्य पूर्वप्रसिद्ध नसावे' ही अट निवेदनात असतेच आणि आम्ही ती तपासतोही. तपासण्याची रीत अगदी साधी आहे. कथेच्या मधल्या भागातले, शक्यतो संवाद नसलेले, जरा वळणदार असे एक वाक्य उचलायचे आणि अवतरणचिन्हांत घालून शोधयंत्रात टाकायचे. पहिले वाक्य घ्यायचे नाही, कारण ब्लॉगवरची कथा अंकाला पाठवताना लेखक शीर्षक आणि पहिला परिच्छेद हमखास बदलतात, मधले वर्णन बदलण्याचा मात्र कंटाळा करतात. वाक्य सापडले की कथा बाजूला पडते. ती चांगली की वाईट, हे पाहण्याची वेळच येत नाही.

यात ब्लॉगविषयी आकस नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या अंकांची सारी भिस्त नव्या मजकुरावर आहे. पैसे मोजून अंक घेणाऱ्या वाचकाला आधी फुकट वाचलेली कथा पुन्हा वाढली, तर पुढच्या वर्षी तो अंक घेत नाही, आणि त्याआधी पत्र लिहून चार शब्द सुनावतो ते वेगळेच.

कलमबहाद्दर:
जुना खिळा यांच्या अटीला कायद्याचाही आधार आहे. प्रताधिकार अधिनियम, 1957 मधील कलम 3 नुसार, प्रती काढून किंवा अन्य मार्गाने कलाकृती जनतेपर्यंत पोहोचवणे म्हणजे प्रसिद्धी. सर्वांना खुल्या असलेल्या ब्लॉगवर कथा आली की ती प्रसिद्ध झाली, असेच धरून चालावे. 'माझा ब्लॉग तर कोणीच वाचत नाही' हा बचाव दुःखद असला तरी ग्राह्य नाही.

मात्र ब्लॉगवर कथा टाकल्याने लेखकाचा हक्क जातो, हा समज चुकीचा आहे. प्रताधिकार लिहिण्याबरोबरच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे तो टिकतो. हक्क हातचे जातात ते न वाचता सही केलेल्या करारामुळे. कलम 19 प्रमाणे हस्तांतर लेखी व सहीनिशीच व्हावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतर भारतापुरतेच मानले जाते. ब्लॉग काढायचा की नाही यावर महिनोन्महिने खल करणारे लेखक प्रकाशकाचा करार चहा पिता पिता सही करून देतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सातासमुद्रापार:
मला हा सगळा सावधपणा जरा जास्तच वाटतो. आपल्या कादंबरीचा पाया ज्यांनी घातला त्या हरिभाऊ आपट्यांनी काय केले? 1890 साली स्वतःचे 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यात क्रमशः छापली. लोकांनी ती आठवड्या-आठवड्याला वाचली, नंतर ती पुस्तकरूपाने आली आणि आजही वाचली जाते. पूर्वप्रसिद्धीने ती उष्टी झाली नाही.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर अँडी वीअर या अमेरिकी लेखकाचे घ्यावे. मंगळावर अडकलेल्या माणसाची त्याची 'द मार्शियन' ही कादंबरी त्याने स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट दिली. वाचकांच्या आग्रहावरून 2011 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या दुकानात 99 सेंटला ठेवली, आणि 2014 मध्ये मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती छापली. ब्लॉगने दारे बंद होतात म्हणणाऱ्यांनी या दाराकडेही पाहावे.

रोखठोक:
अमेरिकेतला एक लेखक यशस्वी झाला म्हणून वरोऱ्यातल्या मुलीने आपली कथा फुकट वाटावी, हा तर्क मला पटत नाही. त्याच पद्धतीने संकेतस्थळावर कादंबरी टाकून कोणाच्याही लक्षात न राहिलेल्यांची यादी आपल्याकडे नसते, कारण अशी यादी कोणी करत नाही. शिवाय इंग्रजी वाचकांची संख्या आणि मराठी कथा शोधून वाचणाऱ्यांची संख्या यांची तुलना तरी होते का?

हरिभाऊंच्या बाबतीत एक गोष्ट आपण विसरता. 'करमणूक' हे वर्गणीदारांचे साप्ताहिक होते. लोक पैसे भरून ते वाचत, आणि अंक ठरल्या दिवशी निघावाच लागे.

सातासमुद्रापार:
@रोखठोक, परंतु संपादक कोण होते? स्वतः हरिभाऊच. म्हणजे लिहिणाराही तोच, निवडणाराही तोच आणि छापणाराही जवळजवळ तोच. याला आज आपण ब्लॉगच म्हणतो.

रोखठोक:
या मुद्द्यावर मी आज रात्री विचार करतो.

काजळमाया:
धाग्याचा रोख प्रसिद्धीवर स्थिरावला आहे, म्हणून मला दुसऱ्या अंगाने लिहावेसे वाटते. नवोदित लेखकाकडे कमी काय असते? छापण्याची जागा कमी असते असे सर्वांनी गृहीत धरले आहे. मला वाटते, त्याच्याकडे कमी असतो तो संपादक, आणि ब्लॉग नेमका तोच देऊ शकत नाही.

एक अनुभव सांगते. माझी एक कथा मी ब्लॉगवर ठेवली होती. प्रतिसाद भरभरून आले: 'छान', 'डोळ्यांत पाणी आले', 'पुलेशु' (पुढील लेखनास शुभेच्छा), 'पुढचा भाग कधी?' (कथा संपलेली होती.) पुढे एका संपादकांनी माझी दुसरी कथा मागवली, तेव्हा या कथेवरही मत द्यावे अशी विनंती मी त्यांना केली. त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिले होते: 'आजी चौथ्या पानावर चष्मा घरी विसरून निघते आणि सहाव्या पानावर एस. टी.त बसून मुलाचे पत्र वाचते. चष्मा कोणी आणून दिला?' ज्या पत्राने सर्वांच्या डोळ्यांत पाणी आले होते, ते आजीला वाचताच येणार नव्हते. इतक्या वाचकांपैकी एकालाही ते दिसले नाही, आणि त्यांचा तो दोषही नाही, कारण ते मायेने वाचत होते. संपादक तसा वाचत नाही.

'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथांवर लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करत, पुनर्लेखन करून घेत. ते मासिक 1982 मध्ये बंद झाले. ती जागा ब्लॉगच्या प्रतिसादांनी भरून निघाली, असे मला तरी म्हणवत नाही.

टवाळ तात्या:
आजीकडे दुसरा चष्मा असेल.

काजळमाया:
तात्या, त्याच कथेत दुसऱ्या पानावर आजीने चष्म्याची मोडलेली काडी दोऱ्याने बांधली आहे, कारण दुसरा घेण्याची ऐपत नाही.

टवाळ तात्या:
मग शेजारच्या प्रवाशाचा घेतला असेल. एस. टी.त माणुसकी अजून शिल्लक आहे.

पायवाट:
काजळमाया यांचा मुद्दा मोलाचा आहे, पण 'सत्यकथा' म्हणजे केवळ पेन्सिलीच्या प्रेमळ खुणा, असे चित्र उभे राहू नये. त्या चौकटीत न बसणारे लेखनही होते आणि ते लिहिणाऱ्यांनी स्वतःची वाट काढली. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे हे कवी आणि त्यांचे मित्र 1955 च्या सुमारास 'शब्द' हे अनियतकालिक (ठरावीक मुदतीने न निघणारे नियतकालिक) सायक्लोस्टाइल करून, म्हणजे हाताने चालवायच्या स्वस्त यंत्रावर प्रती काढून, काढत होते. पुढे लघुअनियतकालिकांची चळवळच उभी राहिली. छपाईचा खर्च परवडत नाही, प्रस्थापित संपादक घेत नाहीत, तर आपले आपण काढू, हीच त्यामागची वृत्ती होती. आज सायक्लोस्टाइलची शाई हाताला लागत नाही, एवढाच फरक. संपादकाने नाकारलेले सगळेच कच्चे असते, असे मानण्याचे कारण नाही.

जुना खिळा:
यात तथ्य आहे. मात्र 'शब्द' काढणारी मंडळी एकमेकांचे लेखन निर्दयपणे वाचणारीही होती. चार जाणकार मित्र मिळून ब्लॉग काढणार असतील आणि एकमेकांची कथा आधी फाडून मगच वर चढवणार असतील, तर माझा विरोध बराच मावळेल. एकट्याने काढलेल्या ब्लॉगवर रात्री साडेअकराला कथा संपते आणि अकरा बत्तीसला प्रसिद्ध होते. तिथे तिला मुरायला वेळच मिळत नाही.

सातासमुद्रापार:
वाचक चुका दाखवत नाहीत, हेही सरसकट खरे नाही. वर मी ज्या कादंबरीचे उदाहरण दिले तिच्या वाचकांत विज्ञान जाणणारे बरेच होते आणि त्यांनी प्रकरणागणिक शास्त्रीय चुका दाखवून दिल्या, त्या वीअरने दुरुस्तही केल्या. कौतुकच हवे असे लेखक ध्वनित करत असेल, तर वाचक कौतुकच करणार. कथेखाली 'यातील त्रुटी सांगाव्यात' असे लिहून पाहावे.

काजळमाया:
लिहून पाहिले आहे. त्यावर 'त्रुटी शोधूनही सापडली नाही, पुलेशु' असा प्रतिसाद आला.

चौथी सीट:
चोरीचा विषय कोणीच कसा काढला नाही? माझी एक छोटी कथा ब्लॉगवरून कोणीतरी उचलली आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत माझ्याच सोसायटीच्या गटावर आली. खाली लेखक म्हणून व. पु. काळे यांचे नाव होते. मी नम्रपणे लिहिले की ही कथा माझी आहे. त्यावर आमच्या अध्यक्षांनी उत्तर दिले की, 'निदान थोरामोठ्यांच्या लेखनावर तरी हक्क सांगू नये.'

टवाळ तात्या:
हार्दिक अभिनंदन. हयातीत वपु होणे सर्वांना साधत नाही. पुढच्या कथेला पु. ल. व्हाल.

कलमबहाद्दर:
चौथी सीट यांची हकिकत हसण्यावारी नेण्यासारखी असली, तरी त्यात ब्लॉगच्या बाजूचा एक मुद्दा दडलेला आहे. ब्लॉगवरच्या नोंदीला तारीख असते, आणि मूळ लेखक कोण हे दाखवण्यासाठी ती पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते. जी कथा केवळ मित्रांच्या गटावर मजकूर म्हणून पाठवली, तिच्या बाबतीत एवढेही हाती राहत नाही. ब्लॉगपेक्षा घातक काही असेल, तर ते नाव न घालता गटांवर कथा सोडणे होय.

टोपणनावाने लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक बाब: लेखकाची ओळख उघड झालेली नसेल, तर प्रताधिकाराची 60 वर्षे निधनापासून न मोजता प्रसिद्धीपासून मोजली जातात.

मृण्मयी:
सर्वांचे प्रतिसाद वाचते आहे. एक शंका: ब्लॉगवर टाकलेली कथा काढून टाकली आणि मग अंकाला पाठवली, तर चालते का? आमच्या गटात हा उपाय सर्रास सांगितला जातो.

जुना खिळा:
काढून टाकलेली कथाही पूर्वप्रसिद्धच राहते, आणि ती खरोखर नाहीशी होते असेही नाही. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणारी वेबॅक मशीनसारखी ठिकाणे आहेत, कोणी तरी आपल्या फेसबुकच्या भिंतीवर ती उतरवून घेतलेली असते, आणि अशी चिकटवलेली प्रत मूळ कथेपेक्षा चिवट असते. कथा पूर्वप्रसिद्ध आहे असे पत्रात सरळ कळवले, तर क्वचित एखादा संपादक अपवाद करतो. लपवलेले उघडकीस आले, तर मात्र त्या लेखकाचे पुढचे पाकीटही संशयाने उघडले जाते.

निशिगंध:
मी किंडलवर पुस्तके टाकते, त्यामुळे त्या बाजूची माहिती देते. अ‍ॅमेझॉनच्या केडीपीवर (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग या स्वयंप्रकाशनाच्या सेवेवर) 2016 च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तके स्वतः प्रकाशित करता येतात. त्यातल्या 'सिलेक्ट' योजनेत पुस्तक घातले, तर 90 दिवसांच्या मुदतीत त्याची डिजिटल आवृत्ती अन्यत्र कुठेही असता कामा नये. नमुन्यादाखल सुमारे 10 टक्के मजकूर चालतो. ब्लॉगवर सगळ्या कथा असतील आणि त्यांचाच संग्रह या योजनेत घातला, तर अटीचा भंग होतो. छापील पुस्तकाला मात्र ही अट लागू नाही. ब्लॉग काढण्याआधी पुढे कथांचे काय करायचे आहे, हे ठरलेले असावे, ते यासाठी.

जाता जाता आणखी एक सांगते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. प्रकाशक वाचकसंख्या विचारतो म्हणून खचून जाणाऱ्यांनी मंडळाकडून चालू वर्षाचे नियम मागवून पाहावेत.

घरचा अभ्यास:
एक व्यावहारिक सूचना. ब्लॉग काढलाच, तर प्रत्येक कथेची प्रत स्वतःजवळ ठेवावी. जिओसिटीज 2009 मध्ये बंद झाले, ऑर्कुट 2014 मध्ये गेले, गूगल प्लस 2019 मध्ये. तिथे लिहिणाऱ्या कित्येकांचे लेखन त्यांच्याबरोबरच गेले. फुकटची जागा ही भाड्याचीही नसते. मालकाने उठ म्हटले की उठावे लागते.

रोखठोक:
काल म्हटल्याप्रमाणे विचार केला. हरिभाऊ स्वतःचे संपादक होते हे मान्य, परंतु स्वतःचे संपादक होण्याची त्यांची तयारी होती. 'करमणूक' निघण्याआधी 'मधली स्थिति' ही त्यांची कादंबरी 'पुणे वैभव' या दुसऱ्याच्या पत्रात क्रमशः येऊन गेली होती. म्हणजे आधी दुसऱ्याच्या दारातून जाऊन मग त्यांनी स्वतःचे दार बांधले. माझे मत एवढेच आहे की, काही कथा दुसऱ्याच्या हातून पारखून झाल्यावर ब्लॉग काढावा. तेव्हा तो पोरका राहणार नाही, कारण अंकात कथा वाचलेला वाचक नाव शोधत तिथे येईल.

सातासमुद्रापार:
हे ऐकायला सुरेख आहे, परंतु मी स्टुटगार्टला राहतो. इथे दिवाळी अंक मागवायचा तर टपालखर्च अंकाच्या किमतीहून अधिक होतो आणि अंक हाती पडेपर्यंत दिवाळी उलटून गेलेली असते. माझ्यासारख्या वाचकाने नव्या लेखकाची कथा वाचायची कुठे? ज्या लेखकांची पुस्तके मी गावी गेल्यावर मुद्दाम शोधून विकत घेतली, त्यांतील बहुतेकांना मी प्रथम त्यांच्या ब्लॉगवरच वाचले होते. संपादकाचे मेज महत्त्वाचे आहे, पण या धाग्यात वाचकाची बाजू जवळजवळ कोणी मांडलेलीच नाही.

पायवाट:
पूर्ण सहमत.

मृण्मयी:
विरोधातले प्रतिसाद मला अधिक उपयोगी पडले, असे प्रामाणिकपणे सांगते. तूर्त असे ठरवते आहे: अंकांना पाठवण्याजोग्या वाटतात त्या कथा राखून ठेवायच्या, ब्लॉग काढायचा, पण त्यावर वाचलेल्या पुस्तकांविषयी, कथेच्या घडणीविषयी आणि छापून आलेल्या कथांविषयी लिहायचे, आणि पूर्वी छापून आलेली एक कथा, संबंधित अंकाची परवानगी घेऊन, संपूर्ण टाकायची, म्हणजे सातासमुद्रापार यांच्यासारख्या वाचकांना निदान माझी भाषा कशी आहे ते कळेल. काजळमायाताई, आपल्या चष्म्याच्या गोष्टीमुळे मी काल सर्व कथा पुन्हा वाचल्या. एका कथेत श्रावणात आंब्याला मोहोर आला आहे.

टवाळ तात्या:
हवामानबदल.

कलमबहाद्दर:
मृण्मयी, अंकाशी लेखी करार झालेला नसेल, तर हक्काचे हस्तांतर झालेलेच नाही आणि पुनर्प्रसिद्धीचा हक्क बहुधा आपल्याकडेच आहे. तरीही पत्र टाकून परवानगी मागावी. त्यात शिष्टाचारही आहे आणि संपादकाला आपले नाव दुसऱ्यांदा दिसते, हाही फायदा आहे.

मृण्मयी:
धन्यवाद. राखून ठेवलेल्या कथांबद्दल शेवटचा प्रश्न: एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवली तर चालेल का?

जुना खिळा:
पाठवू नये. दोन्हीकडे निवडली गेली तर एका संपादकाला ऐन जुळणीच्या वेळी पाने रिकामी करावी लागतात आणि तो ते विसरत नाही. त्याऐवजी सोबतच्या पत्रात 'श्रावण संपेपर्यंत निर्णय न कळल्यास कथा अन्यत्र पाठवण्यास मोकळी आहे, असे समजेन' असे नम्रपणे लिहावे. बहुतेक संपादक यावर रागावत नाहीत. काही तर त्यामुळेच कथा वेळेवर वाचतात. पत्रात मोबाइल क्रमांक आणि शब्दसंख्या अवश्य असावी. कथा युनिकोडमध्ये, टंकलेखन तपासून पाठवावी. आणि तेवढा मोहोर माघात न्यावा.